रक्ताच्या कॅन्सरची मुलं बरी होऊ लागली ती कशामुळं? डॉ. सुरेश अडवाणींच्या संशोधनाची गोष्ट

बेळगाव : पोराला पंधरा दिवस ताप असतो. आधी व्हायरल म्हणून औषध होतं, मग टायफॉईड म्हणून सलाईन लागते. ताप उतरतो, परत चढतो. पोरगं पाय दुखतात म्हणून रात्री रडतं, न पडता-झडता अंगावर निळे डाग दिसतात, दात घासताना हिरडीतून रक्त येतं. मग कुणीतरी सीबीसी करायला सांगतं आणि लॅबवाला रिपोर्ट हातात ठेवताना ‘डॉक्टरांना आजच दाखवा’ म्हणतो. निपाणी, चिकोडी, खानापूर असो की पलीकडचं गडहिंग्लज, चंदगड असो, ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर घरात येतो तो बहुतेक वेळा असाच. त्या दिवशी घरात दोनच प्रश्न असतात. वाचेल का? आणि न्यायचं कुठं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पन्नास वर्षांपूर्वी जवळजवळ ‘नाही’ असं होतं. १९७० च्या दशकात भारतातल्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयांतसुद्धा अशा शंभर मुलांपैकी वीसही नीट वाचत नव्हती. आज तसं राहिलेलं नाही. हे कसं बदललं, हे सांगायचं तर मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात व्हीलचेअरवर बसून काम केलेल्या एका डॉक्टरांची कारकीर्द बघावी लागते. डॉ. सुरेश अडवाणी त्यांचं नाव.

अडवाणींचा जन्म १९४७ चा, कराचीतला. फाळणीनंतर कुटुंब इकडं आलं आणि मुंबईत स्थिरावलं. आठव्या वर्षी पोलिओ झाला आणि पाय गेले. मेडिकलला जायचं ठरवलं तेव्हा अपंगत्वाचं कारण पुढं करून मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजनं आधी प्रवेश नाकारला होता. त्यांनी वरपर्यंत दाद मागितली, अर्जविनंत्या केल्या आणि प्रवेश मिळवला. वॉर्डात उभं राहून पेशंट तपासता येणार नाही, असा त्या वेळचा समज. पुढं याच माणसानं वॉर्डातच आयुष्य काढलं. २००२ मध्ये पद्मश्री आणि २०१२ मध्ये पद्मभूषण मिळालं, पण तो भाग बातम्यांत अनेकदा येऊन गेला आहे. इथं बघायचंय ते त्यांनी नेमकं काय शोधलं.

त्याआधी आजार समजून घ्यायला हवा. आपल्या हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोनमॅरोत, रक्ताच्या पेशी तयार होतात. तांबड्या पेशी अंगात प्राणवायू फिरवतात, पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात, प्लेटलेट रक्त थांबवतात. ल्युकेमियात पांढऱ्या पेशींची एक कच्ची जात बेसुमार वाढते. त्या पेशी कामाच्या नसतात, पण जागा सगळी अडवतात. शेतात तण माजलं की पीक मरतं, तसं बाकीच्या पेशींचं होतं. तांबड्या पेशी कमी झाल्या की पोरगं पांढरं पडतं, प्लेटलेट कमी झाल्या की डाग उठतात आणि रक्त येतं, चांगल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या की ताप हटत नाही. हाडात गर्दी झाल्यामुळं पाय दुखतात. सगळी लक्षणं या एका गोष्टीतून निघतात.

मुलांमध्ये याचा सर्वात जास्त दिसणारा प्रकार ‘एएलएल’, म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. दुसरा ‘एएमएल’, तो मुलांत कमी आढळतो पण जास्त हट्टी असतो. दोन्हींना आपण ‘ब्लड कॅन्सर’ म्हणत असलो तरी उपचार वेगळे आणि बरं होण्याची शक्यताही वेगळी. त्यामुळं पाहुण्यांपैकी कुणाचा ब्लड कॅन्सर अमुक औषधानं बरा झाला, तेच आपल्या पोराला द्या, या सल्ल्याला काही अर्थ नसतो.

निपाणी भागात आणखी एक शंका हमखास निघते. तंबाखूचं गाव, घरोघरी बिडीकाम, त्यानं झालं का? तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा तंबाखूशी थेट संबंध आहे, त्यात वाद नाही. पण लहान मुलांचा ल्युकेमिया हा वेगळा आजार आहे. बहुतेक मुलांत त्याचं एक ठराविक कारण सापडत नाही. तो संसर्गानं पसरत नाही, आणि आईनं गरोदरपणात काय खाल्लं-प्यालं यावरून तिला बोल लावण्यात तर काहीच तथ्य नाही.

यावरच्या औषधांची सुरुवात योगायोगानं एका भारतीयाशीच जोडलेली आहे. आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव हे अमेरिकेत लेडर्ले कंपनीत संशोधक होते. त्यांच्या चमूनं तयार केलेलं अमिनोप्टेरिन हे औषध बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना दिलं. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात १६ पैकी १० मुलांत आजार काही काळ मागं हटल्याची नोंद आहे. काही महिन्यांत तो परत आला, पण औषधानं ल्युकेमिया मागं हटू शकतो हे त्यातून पहिल्यांदा दिसलं. अमिनोप्टेरिनचं भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट, ते आजही प्रत्येक एएलएल पेशंटला दिलं जातं. दुसरं महत्त्वाचं औषध विन्क्रिस्टीन. ते सदाफुलीच्या झाडापासून काढतात. होय, तीच आपल्या परसातली, तुळशीवृंदावनाशेजारी आपोआप उगवणारी सदाफुली. (पानं उकळून पाजण्याचा उद्योग मात्र कुणी करू नये. ते झाड विषारी आहे आणि औषधाचा अंश त्यात नगण्य असतो. मोजून, शुद्ध करून, शिरेतून दिलं तरच ते औषध.)

म्हणजे १९७० च्या दशकापर्यंत औषधं होती, भारतातही मिळत होती. तरी मुलं वाचत नव्हती. अडवाणींच्या कामाचं मोल इथं आहे.

लोकांना त्यांचं नाव माहीत झालं ते बोनमॅरो ट्रान्सप्लांटमुळं. अमेरिकेत सिएटलच्या फ्रेड हचिन्सन कॅन्सर संशोधन केंद्रात डॉ. डोनाल थॉमस यांनी हे तंत्र उभं केलं, आणि त्यासाठी त्यांना १९९० चं नोबेल मिळालं. अडवाणी तिथं जाऊन ते शिकून आले. मार्च १९८३ मध्ये टाटा मेमोरियलमध्ये त्यांच्या चमूनं एएमएल झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर ट्रान्सप्लांट केलं. मगज तिच्या भावंडाचा घेतला होता. हे भारतातलं पहिलं यशस्वी बोनमॅरो ट्रान्सप्लांट मानलं जातं.

ट्रान्सप्लांट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मोठं ऑपरेशन येतं. तसं ते नसतं. पेशंटचा आजारी मगज जोरदार औषधांनी, कधी किरणांनी, पूर्ण नष्ट करतात. मग जुळणाऱ्या दात्याच्या मगजातल्या पेशी रक्त चढवावं तशा शिरेतून देतात. त्या आपापल्या हाडात जाऊन रुजतात. पण रुजेपर्यंतचे दोन-तीन आठवडे पेशंटच्या अंगात प्रतिकारशक्ती अशी नसतेच. साधी सर्दीही जिवावर बेतते. १९८३ साली, आजच्यासारख्या सोयी नसताना, त्या खोलीत जंतू जाऊ नये म्हणून काय काय करावं लागलं असेल याची कल्पना केलेली बरी. शिवाय दाता जुळावा लागतो. सख्ख्या भावा-बहिणीचं पूर्ण जुळण्याची शक्यता प्रत्येकी चारात एक इतकीच असते.

मात्र एएलएलच्या बहुतेक मुलांना ट्रान्सप्लांट लागतच नाही. ती नुसत्या औषधांनी बरी होऊ शकतात. म्हणून पेपरात नाव झालं ट्रान्सप्लांटनं, पण जास्त पोरं वाचवली ती दुसऱ्याच एका कामानं. ते काम म्हणजे कागदावरचं एक वेळापत्रक. नाव ‘एमसीपी-८४१’.

१९८४ च्या सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले डॉ. इयान मॅग्राथ आणि भारतातली तीन केंद्रं एकत्र आली. मुंबईत टाटा मेमोरियल, म्हणजे अडवाणी. चेन्नईत अड्यारची कॅन्सर इन्स्टिट्यूट, म्हणजे डॉ. व्ही. शांता. तिसरं दिल्लीचं एम्स. तोवर प्रत्येक ठिकाणी आपापल्या पद्धतीनं औषधं दिली जात. कुणी परदेशातली पद्धत उचलायचं, कुणी तिच्यात काटछाट करायचं. निकाल कुणाचा कुणाशी ताडून बघता येत नव्हता. वाण्याच्या तीन दुकानांनी तीन तऱ्हेच्या वह्या ठेवल्या तर नफा कुठं नि तोटा कुठं हे कळणार कसं? या मंडळींनी ठरवलं की तिन्ही ठिकाणी एकच उपचार, एकाच क्रमानं, एकाच मापानं द्यायचा आणि एकाच पद्धतीनं नोंद ठेवायची.

वेळापत्रक साधारण दोन वर्षांचं. पहिल्या महिन्यात प्रेडनिसोलोन, विन्क्रिस्टीन, एल-अस्पॅराजिनेज आणि डॉनोरुबिसिन ही चार औषधं, सोबत पाठीच्या कण्यातून मेथोट्रेक्सेट. कण्यातून अशासाठी की मेंदूभोवतीच्या पाण्यात शिरेतलं औषध नीट पोचत नाही आणि आजार तिथं लपून बसतो. त्यानंतर दुसऱ्या औषधांचा मारा, डोक्याला किरण, परत पहिला हप्ता, मग आणखी एक जोरदार टप्पा. शेवटी दीर्घ काळ चालणारा सांभाळाचा टप्पा, ज्यात पेशंट मुख्यतः घरी राहून गोळ्या घेतो आणि ठरल्या दिवशी इंजेक्शनला येतो. यात नवीन औषध एकही नव्हतं. सगळी तेव्हा भारतात मिळणारी, भारतातल्या वॉर्डात देता येतील अशी. नवं होतं ते हे क्रमवार बसवणं आणि काटेकोर पाळणं.

निकाल काय लागला? २००५ मध्ये मॅग्राथ, शांता, अडवाणी आणि सहकाऱ्यांनी वीस वर्षांचा आढावा ‘युरोपियन जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये छापला. चार वर्षांनंतरही आजार न उलटता नीट असलेल्यांचं प्रमाण २० टक्क्यांच्या आतून ४५ ते ६० टक्क्यांवर गेलं होतं. त्यात १९९० ते १९९७ या काळातल्या १०४८ पेशंटची, पूर्वी कधी न छापलेली माहितीही होती. भारतात ल्युकेमियाबद्दल तोवर इतक्या मोठ्या संख्येनं, एका शिस्तीनं जमवलेली माहिती फारशी नव्हतीच.

त्या आढाव्यातला दुसरा भाग टक्केवारीपेक्षाही महत्त्वाचा म्हणावा लागेल. भारतातली मुलं दवाखान्यात पोचतात तेव्हाच आजार जास्त पसरलेला असतो. पांढऱ्या पेशींची संख्या जास्त, गाठी जास्त, यकृत-प्लीहा सुजलेली. आपल्याकडं ‘टी-सेल’ या प्रकाराचं प्रमाणही पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त निघालं, चेन्नईत तर विशेष. पाश्चात्त्य पुस्तकांत मुलाचं वय बघून धोका ठरवतात, पण या तिन्ही केंद्रांत वयावरून फरक दिसला नाही. थोडक्यात, तिकडचं मोजमाप जसंच्या तसं इकडं लावून चालत नाही. आपल्या पेशंटचा अभ्यास आपणच करावा लागतो. ही गोष्ट आज सोपी वाटते, पण पुराव्यानिशी मांडायला वीस वर्षं आणि हजारांहून अधिक केसपेपर लागले.

या पद्धतीला मर्यादाही होत्या, त्या लपवण्यात अर्थ नाही. श्रीमंत देशांत आज एएलएलची दहापैकी नऊच्या आसपास मुलं बरी होतात, एमसीपी-८४१ तिथवर कधी पोचलं नाही. डोक्याला किरण दिल्यानं लहान मुलांच्या वाढीवर आणि बुद्धीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून पुढं जगभर किरणांचा वापर कमी होत गेला. भारतातही आता पेशंटचा धोका मोजून कमी-जास्त तीव्रतेचे उपचार देणाऱ्या नव्या पद्धती आल्या आहेत. अडवाणीही पुढं टाटामधून बाहेर पडून मुंबईतल्या खासगी रुग्णालयांत काम करू लागले. पण अनेक केंद्रांनी मिळून एकच शिस्त पाळायची ही सवय त्या १९८४ च्या प्रयोगातून लागली, असं म्हणायला हरकत नाही.

सीमाभागातल्या घरांसाठी या सगळ्यातला सर्वात कामाचा मुद्दा आता येतो. उपचार मध्येच का सोडायचे नाहीत?

निदान होतं तेव्हा पेशंटच्या अंगात ल्युकेमियाच्या पेशी साधारण एक लाख कोटी असतात. पहिल्या महिन्याच्या औषधांनी त्यातल्या नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त मरतात. पोरगं टवटवीत होतं, भूक लागते, ताप जातो, सूक्ष्मदर्शकाखाली मगज स्वच्छ दिसतो. डॉक्टर याला ‘रेमिशन’ म्हणतात. घरच्यांना वाटतं, बरं झालं. पण त्याही वेळी अंगात शंभर कोटी पेशी शिल्लक असू शकतात, नुसत्या दिसत नाहीत. कर्जाचं व्याज फिटलं म्हणून मुद्दल फिटत नाही, तसंच हे. पुढची दोन वर्षं मुद्दल फेडण्यासाठी असतात. मध्ये सोडलं तर आजार उलटतो आणि उलटलेला आजार पहिल्या औषधांना तितका दाद देत नाही.

भारतात मुलं गमावण्याचं एक मोठं कारण हेच राहिलं आहे. औषध लागू पडलं नाही म्हणून नव्हे, तर उपचार अर्धवट राहिले म्हणून. आणि सोडणाऱ्या आईबापांना बेफिकीर म्हणणं हा अन्याय आहे. निपाणीला रेल्वे नाही. कोल्हापूर किंवा मिरज गाठायचं, रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायची, सकाळी मुंबईत उतरायचं, परळला रांगेत नंबर लावायचा. बापाची रोजंदारी बुडते, आई महिनोन् महिने दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, दुसरं लेकरू आजीकडं. शेती किंवा बिडीकामावर चालणारं घर हे दोन वर्षं ओढणार कसं? त्यात ऊस तोडायचा असतो, लग्नकार्य असतं, कुणीतरी ‘पोरगं तर बरं दिसतंय’ म्हणतं आणि एक फेरी चुकते. मग दुसरी.

दुसरं कारण जंतुसंसर्ग. औषधांनी वाईट पेशींबरोबर चांगल्याही मरतात. अशा दिवसांत १०१ ताप आला तर तो ‘उद्या बघू’चा ताप नसतो. काही तासांत अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं, तेही शिरेतून. रक्त आणि प्लेटलेटही लागतात. प्लेटलेट पाच दिवसांपलीकडं टिकत नाहीत, त्या साठवून ठेवता येत नाहीत. म्हणून वर्षातून एकदा जयंतीला शंभर बाटल्या रक्त जमवण्यापेक्षा, बोलावल्यावर येणारे दहा दाते गावात असणं या पोरांच्या जास्त उपयोगाचं असतं.

आणि एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. नक्की निदान होण्याआधी ताप, गाठी किंवा सांधेदुखीवर स्टेरॉइड दिलं गेलं तर ल्युकेमिया काही काळ दबतो आणि तपासणीत फसवतो. न हटणारा ताप, पांढरेपणा आणि निळे डाग एकत्र असतील तर आधी सीबीसी आणि रक्ताची काच बघून घेणं शहाणपणाचं.

आता ‘न्यायचं कुठं’ हा दुसरा प्रश्न. चाळीस वर्षांपूर्वी याचं उत्तर मुंबई एवढंच होतं. आज पर्याय वाढले आहेत. बेंगळुरूची किदवाई संस्था आहे, बेळगावात केएलईच्या कॅन्सर रुग्णालयाचं उद्घाटन ३ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झालं. सांभाळाच्या टप्प्यातल्या रक्ततपासण्या तर तालुक्याच्या गावीही होऊ शकतात. मोठ्या केंद्राला विचारून, त्यांच्याच कागदाप्रमाणं काही भाग घराजवळ करता आला तर निम्म्या फेऱ्या वाचतात. हे आपणहून विचारावं लागतं.

पैशाचा प्रश्न सीमेवर जास्त गुंतागुंतीचा होतो. रेशनकार्ड कर्नाटकचं आणि दवाखाना महाराष्ट्रातला, अशी अवस्था. आयुष्मान भारतच्या मूळ केंद्रीय यादीतल्या कुटुंबांना दुसऱ्या राज्यातल्या संलग्न रुग्णालयातही लाभ मिळू शकतो, पण राज्यानं स्वतःच्या पैशातून वाढवलेल्या लाभार्थ्यांना तो तसाच मिळेल असं धरून चालू नये. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचा निर्णय घेतला, त्यावर कर्नाटकातून जोरदार हरकत आली आणि नेहमीप्रमाणं दोन्हीकडून पत्रकं निघाली. ल्युकेमियाच्या उपचारात एक आठवडा उशीर म्हणजे काय, हे त्या पत्रकांत कुठंच नव्हतं. मुंबईला निघण्याआधी आपलं कार्ड नेमकं कुठं चालतं याची चौकशी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात करून घेतलेली बरी.

नवी औषधं कुठवर आली, हेही लोक विचारतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून विकसित केलेल्या ‘कार-टी’ उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. अडवाणींच्या नंतरच्या पिढीचं हे काम. पेशंटच्याच पांढऱ्या पेशी काढून, त्यांना कॅन्सरच्या पेशी ओळखायला शिकवून परत सोडायच्या, अशी ती पद्धत. परदेशात काही कोटींत जाणारा खर्च इथं साधारण दहाव्या हिश्शावर आला, तरी तो लाखांतच आहे. आणि हा उपचार आजार उलटलेल्या किंवा दाद न देणाऱ्या विशिष्ट पेशंटसाठी आहे. नव्यानं निदान झालेल्या पोराला आजही तीच जुनी, स्वस्त औषधं द्यायची असतात, पूर्ण दोन वर्षं.

प्रवासापुरती एक सोय अनेकांना ठाऊक नसते. कॅन्सर पेशंटला उपचारासाठी जाता-येताना रेल्वेच्या स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. त्यासाठीचा ठराविक नमुन्यातला दाखला उपचार करणाऱ्या रुग्णालयाकडून सही-शिक्क्यासह घ्यावा लागतो. पहिल्याच फेरीत तो मागून घेतलेला बरा.